पाणीपट्टी वाढवण्याआधी

चंद्रपुरातल्या कुठल्याही पक्क्या घरात दोन बिलं येतात, एक विजेचं आणि एक पाण्याचं. दोन्हींचा माग काढत गेलं तर माणूस इरई धरणापाशी पोहोचतो. २९२० मेगावॅटच्या महाऔष्णिक केंद्राला पाणी त्याच धरणाचं, आणि शहर पितं तेही मुख्यतः त्याच धरणाचं. दर ठरवण्याच्या रीती मात्र दोन वेगळ्या जगांतल्या आहेत. विजेचा दर वाढवायचा तर कंपनीला राज्य वीज नियामक आयोगापुढे याचिका करावी लागते. तिचा गोषवारा वर्तमानपत्रात येतो, हरकती मागवल्या जातात, नागपुरातही सुनावणी होते, आणि २००३ च्या वीज कायद्यानुसार आयोगाला १२० दिवसांत कारणांसह आदेश द्यावा लागतो. पाण्याचं तसं नाही. महापालिकेचं प्रशासन प्रस्ताव ठेवतं, स्थायी समिती त्यावर मत देते आणि २० फेब्रुवारीच्या आत पुढच्या वर्षाच्या करांचे दर सभागृह ठरवतं. एक हजार लिटर पाणी उचलायला, गाळायला आणि घरापर्यंत आणायला किती खर्च आला आणि वाटेत किती गळालं, हे नळधारकाला सहसा कुणी सांगत नाही. त्यामुळे पाणीपट्टीचा वाद दरवेळी ‘वाढ हवी की नको’ एवढ्यावरच अडतो.

या वादातल्या दोन बाजू पुढे दोन माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. दोघंही कल्पित. एक पालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले लेखापाल, चंद्रपूरचे. दुसऱ्या गडचिरोलीत बचत गटांचं काम करणाऱ्या ताई. मध्ये मध्ये मी बोलणार आहे, आणि तटस्थ राहण्याचा माझा विचार नाही.

लेखापाल: “ताई, दर न वाढवणं म्हणजे लोकांवर उपकार, असं आपण धरून चालतो. तुरटी, क्लोरीन, पंपाची वीज, माणसांचा पगार, यातलं काहीच थांबत नाही. खर्च वर्षाला सहा टक्क्यांनी वाढला आणि दर दहा वर्षं तिथेच राहिला, तर अकराव्या वर्षी नुसता खर्च भरून काढायला एकदम ७९ टक्के वाढ करावी लागते. ती कुठलंच सभागृह करत नाही. मग गळती वाढते, वाहिन्या कुजतात आणि नवी वाहिनी टाकायला ‘अमृत’सारख्या योजनेची वाट पाहावी लागते. एसटीचंच बघा. जून २०१८ मध्ये १८ टक्के, ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्के, जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के. तीन उड्यांत भाडं जवळपास ५९ टक्क्यांनी वर गेलं. मधली वर्षं वाढ नव्हती हे कुणाच्या लक्षात नाही, उड्या मात्र सगळ्यांच्या लक्षात आहेत. हेच दरवर्षी थोडं थोडं झालं असतं तर एवढी ओरड झाली नसती. नागपूर महापालिकेने २००९ च्या पाणी उपविधींतच वर्षाला पाच टक्के वाढ लिहून ठेवली. आणखी एक सांगतो. जकात गेली, एलबीटी गेला, जीएसटी आला, तेव्हा महापालिकांना द्यायची भरपाई दरवर्षी आठ टक्क्यांनी, तीही चक्रवाढीने वाढेल असं राज्याने २०१७ च्या कायद्यात मान्य केलं. म्हणजे पालिकेचं उत्पन्न वर्षाला आठ टक्क्यांनी वाढलं पाहिजे हे सरकारला पटलेलं आहे. ते आठ टक्के पालिका मुंबईकडून हक्काने घेते, आणि नळाच्या बिलात एक रुपया वाढवायचा म्हटलं की हात आखडतो.”

ताई: “भाऊ, तुमचे आकडे खोटे नाहीत. पण आठ टक्के कुणाची मिळकत वाढते, तेही सांगा ना. आमच्याकडे तेंदूपत्त्याचा हंगाम काही आठवड्यांचा. धान पिकलं तर पिकलं. एसटीचं उदाहरण तुम्ही दिलं, तर पुरं सांगा. ऑक्टोबर २०२१ मध्ये भाडं वाढलं आणि लगेच संप लागला, तो एप्रिलपर्यंत चालला. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे म्हणजे वडसा. बाकीच्यांना एसटीच. भाडं वाढलेलं आणि गाडी आगारात, असे महिने आम्ही काढले. कचऱ्याचंही तसंच. २०१६ च्या नियमांनी घरोघरी शुल्क घ्यायची मुभा दिली, आणि पुष्कळ ठिकाणी घंटागाडीच्या आधी बिल दारात आलं. चंद्रपूरचं तर काय सांगावं? २००९ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात ८३.८८ गुण, देशात चौथा नंबर. कोळसा इथला, राख इथली, वीज मुंबईपर्यंत जाते. किंमत इथल्या माणसाने छातीत धूर घेऊन आधीच मोजली आहे. त्याच्याकडून आणखी पाणीपट्टी मागता? खनिज निधी कशाला आहे मग?”

ताईंचा शेवटचा मुद्दा या दोन जिल्ह्यांत पुन्हा पुन्हा ऐकू येतो, आणि त्यात न्यायाचा अंश आहे. म्हणून त्याला आधी उत्तर दिलं पाहिजे. खनिज कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावाने गेलेल्यांना १० टक्के इतकी रक्कम त्यात भरावी लागते, आणि पिण्याचं पाणी हा या निधीचा अग्रक्रमाचा विषय आहे. चंद्रपूरचा कोळसा आणि सुरजागडचं लोहखनिज पाहता हा पैसा थोडाथोडका नाही. टाकी, शुद्धीकरण केंद्र, मुख्य वाहिनी अशी एकदा करायची कामं त्यातून जरूर व्हावीत, किंबहुना व्हायलाच हवीत, कारण ते इथल्या नुकसानीचंच मोल आहे. पण रोजच्या क्लोरीनचा आणि पंपाच्या विजेचा खर्च त्यातून भागवणं वेगळं. खाणपट्टा एक दिवस संपतो, पाणी मात्र रोज लागतं. दुसरी अडचण सत्तेची आहे. नळाचा खर्च खनिज निधीतून निघू लागला की नळाबद्दलचे निर्णय जिल्ह्याच्या समितीत होऊ लागतात, आणि तिथे वॉर्डातली बाई प्रश्न विचारू शकत नाही. प्रदूषणाची भरपाई आणि पाण्याची किंमत ही दोन वेगळी खाती आहेत. ती एकत्र केली तर दोन्हींचा हिशेब बुडतो आणि खाण कंपन्यांचीच सोय होते.

लेखापाल मग मुद्द्याच्या गाभ्याकडे वळतात. “ताई, स्वस्त पाणीपट्टीचा फायदा नेमका कुणाला होतो? ज्याच्याकडे नळ आहे त्याला. हातपंपावर जाणाऱ्या बाईला, टँकरमागे धावणाऱ्या वस्तीला त्यातून काय मिळतं? आणि नळवाल्यांतही बघा. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी अर्ध्या इंचाच्या जोडणीला वर्षाची ठोक रक्कम. दोन खोल्यांचं घरही तेवढंच भरतं आणि जमिनीखाली टाकी बांधून मोटर लावणारा बंगलाही तेवढंच. दर गोठवला की जो जास्त पाणी ओढतो त्याला जास्त सवलत मिळते. गरिबाच्या नावाने चाललेली ही श्रीमंतांची सवलत आहे. जलजीवन योजनेने माणशी ५५ लिटरचा हिशेब धरला आहे. पाच माणसांच्या घराला महिन्याला सव्वाआठ हजार लिटर होतात. तेवढं नाममात्र दराने द्या, हवं तर फुकट द्या, पण त्याच्या वर जाणाऱ्याकडून पुरे पैसे घ्या. दक्षिण आफ्रिकेने २००१ पासून घरटी महिन्याला सहा हजार लिटर मोफत पाण्याचं धोरण ठेवलं. दिल्लीने वीस हजार लिटर मोफत केले, पण मीटर असेल तरच, आणि मर्यादा ओलांडली की सगळ्याच पाण्याचं बिल. लांब कशाला, कराडशेजारच्या मलकापूरने नगरपंचायत असताना मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं आणि पंतप्रधान पुरस्कार मिळवला. छोट्या गावाला जमत नाही, असं कसं म्हणायचं?”

या मुद्द्यावर मी लेखापालांच्या बाजूने आहे. सरसकट स्वस्त दर ही सवलतीची सगळ्यात आंधळी पद्धत आहे, कारण ती कुणाला किती मिळाली हे देणाऱ्यालाही कळत नाही. एसटीशी तुलना केली तर फरक दिसतो. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना त्याआधीपासून पूर्ण मोफत. या सवलतीचा भार राज्याच्या तिजोरीवर आहे, रक्कम मोजता येते, विधिमंडळात त्यावर प्रश्न विचारता येतो. भाडं एका बाजूला आणि सवलत दुसऱ्या बाजूला, दोन्ही उघड. पाणीपट्टीत दोन्ही एकाच न वाढणाऱ्या आकड्यात मुरलेली असतात. सवलत बिलावर छापली पाहिजे: इतका खर्च, इतकी सूट, ती या खात्यातून, तुम्ही भरायचे इतके. दारिद्र्यरेषेच्या यादीत चुका असतात हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच सूट यादीवर न देता पहिल्या आठ हजार लिटरवर सगळ्यांना द्यावी. बंगल्यालाही ती मिळेल, हरकत नाही. त्याची पुढची बारा हजार लिटरं पुऱ्या दराने जातील.

ताई: “मीटर मीटर म्हणता भाऊ, पण नळ दिवसाआड तासभर येतो तिथे आधी हवा येते आणि मीटर हवेवरही फिरतं, हे प्लंबरला विचारा. चोवीस तास पाणी द्या, मग मीटर लावा. तुम्ही क्रम उलटा करता, मीटर आणि दर आधी, पाणी नंतर बघू. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात असंच झालं होतं. कंपनी आली, बिलं वाढली, लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिल २००० मध्ये सरकारला करार गुंडाळावा लागला. आणि दर ठरवणार कोण? चंद्रपूरच्या महापालिकेत २०१७ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत २०२२ मध्ये संपली, मग प्रशासक आले. गडचिरोलीच्या नगरपरिषदेतही तेच. आयुक्तच प्रस्ताव मांडणार, सभागृहाचे अधिकारही त्यांनाच, म्हणजे मंजुरीही त्यांचीच. वर्षानुवर्षं असं चाललं. अशा वेळी दर वाढला तर तो कुणाला विचारून वाढला?”

त्या पुढे म्हणतात, “आणि आमच्याकडची गोष्ट तर अजून पुढची. अहेरी, एटापल्ली, धानोरा, कुरखेडा, सिरोंचा हे १९८५ च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्र. २०१५ मध्ये तालुक्याच्या गावांच्या नगरपंचायती झाल्या. घटनेचं कलम २४३ झेडसी म्हणतं की नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू नाही, त्यासाठी संसदेने वेगळा कायदा करावा. ग्रामपंचायतींसाठी तो पेसा म्हणून १९९६ मध्ये झाला. नगरपालिकांसाठीचं विधेयक २००१ मध्ये आलं आणि तिथेच राहिलं. कोर्टात काय टिकेल ते वकील जाणोत. लोकांना एवढंच दिसलं की काल ग्रामसभा होती, आज नाही. काल घरपट्टीवर हात वर करून बोलता येत होतं, आज नोटीस येते. धानोऱ्याजवळ मेंढा-लेखा आहे. ‘मावा नाटे मावा राज’ म्हणणारं गाव. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने गावाच्या हाती आले. गावाचा निधी आहे, त्यात लोक मिळकतीतला हिस्सा टाकतात, आणि निर्णय एकमताने होतो. वर्गणी देतात की नाही? देतात. कारण पैसा कुठे गेला ते सभेत समजतं. आमचे लोक पैसे देत नाहीत, असं नाही. न विचारता घेतलेले पैसे त्यांना रुचत नाहीत.”

माझ्या मते सगळ्या वादाचं वजन इथे आहे. दरवाढीचे समर्थक पैशाचं गणित मांडतात, विरोधक गरिबीचं. ताई तिसरंच बोलत आहेत: दर घेण्याचा अधिकार हिशेबातून येतो. कायद्यालाही हे अगदी परकं नाही. शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये म्हटलं की शुल्क हा सेवेचा मोबदला असतो, करासारखा सामान्य तिजोरीसाठीचा बोजा नसतो. पुढच्या निकालांनी पै-पैचा मेळ लागलाच पाहिजे ही अट सैल केली, पण सेवेशी काही नातं असावं ही अपेक्षा राहिली. मग ज्या सेवेचं वेगळं खातंच नाही, तिचं शुल्क योग्य आहे की नाही हे कुणी ठरवायचं? पाण्याच्या पैशाला वेगळं खातं, त्याचं दरवर्षी लेखापरीक्षण आणि तो ताळेबंद लोकांपुढे, एवढं झालं नाही तर दरवाढीचा आग्रह मला अर्धवट वाटतो.

लेखापाल इथे थांबत नाहीत, आणि त्यांचा आक्षेप वाजवी आहे. “सुनावणी, सभा, संमती, सगळं कागदावर छान दिसतं. सभेत विचाराल तर कधीच कुणी वाढीला हो म्हणणार नाही. निवडणूक आली की आणखीच नाही. मग पुन्हा दहा वर्षं दर गोठणार. आणि दहा-पंधरा हजार वस्तीच्या नगरपंचायतीने वीज आयोगासारखी शेकडो पानांची याचिका लिहायची कशी? तिथे एक लेखापाल असला तरी नशीब.”

दोन्हींना उत्तर आहे. वीज आयोगाच्या सुनावण्यांनी दरवाढ थांबलेली नाही, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. सुनावणीने वाढ थांबत नाही, फक्त तिच्यामागची कारणं उघड होतात आणि काही फुगवलेले खर्च छाटले जातात. संमतीच्या भीतीवर उपाय म्हणजे नियमच दुहेरी करावा. पालिकेने डिसेंबरअखेर पाण्याचा लेखापरीक्षित हिशेब लावला, तर महागाई आणि विजेचा दर यांच्याशी बांधलेली वाढ पुढच्या एप्रिलपासून आपोआप लागू व्हावी, त्याला मतदान नको. हिशेब लावला नाही, तर त्या वर्षी वाढ शून्य, मग खर्च कितीही वाढलेला असो. त्या सूत्रापेक्षा जास्त हवं असेल तरच सभा. नागपूरच्या पाच टक्क्यांत हा दुसरा पाय नाही. तिथे वाढ हिशेबावर अवलंबून नाही, म्हणून ती दर एप्रिलला राजकारणाचा विषय होऊ शकते. आणि हिशेबाला शेकडो पानं कशाला हवीत? एक कागद पुरे: किती पाणी उचललं, किती बिलात आलं, वीज, रसायनं, पगार, दुरुस्ती, थकबाकी, आणि शेवटी हजार लिटरमागे खर्च. मीटर नसेल तिथे बिलातलं पाणी अंदाजाने येईल. तो अंदाज आहे असं लिहावं आणि दरवर्षी तो सुधारावा.

हा कागद वाचायची जागाही कायद्यात आधीच आहे. २००९ च्या दुरुस्तीने महाराष्ट्राच्या नागरी कायद्यांत क्षेत्रसभा आल्या, म्हणजे वॉर्डाच्या एका तुकड्यातल्या मतदारांची सभा. त्या भरत नाहीत हा वेगळा भाग. केंद्राच्या निधीसाठी घातलेल्या अटी पुऱ्या करायला झालेल्या कायद्यांचं असंच होतं. पण नवी संस्था उभी करण्यापेक्षा कागदावर असलेली जागी करणं सोपं. अनुसूचित क्षेत्रातल्या नगरपंचायतींत तर ती ऐच्छिक ठेवूच नये. ग्रामसभा गेली तिथे निदान क्षेत्रसभा हवी.

हिशेब उघडा पडला की दर किती वाढवावा लागतो हेही बदलतं. कंबोडियाच्या नोम पेन्हचं उदाहरण इथे उपयोगाचं आहे. १९९३ मध्ये तिथलं ७२ टक्के पाणी बिलाबाहेर जायचं, काही गळून, काही चोरून. १९९७ मध्ये दरवाढीचे तीन टप्पे आखले गेले. गळती बुजवली, मीटर लागले, सरकारी खाती आणि बडी मंडळी बिल भरू लागली, आणि तिसऱ्या टप्प्याची गरजच पडली नाही. दीड दशकात बिलाबाहेरचं पाणी सहा टक्क्यांच्या आसपास आलं. ताईंनी सांगितलेलं कोचाबांबा आणि हे नोम पेन्ह, दोन्हीकडे दर वाढला. एका ठिकाणी दंगल झाली, दुसऱ्या ठिकाणी वसुली सुधारली. मधला फरक मुख्यतः एवढाच की नोम पेन्हमध्ये लोकांना दराआधी पाणी दिसलं, कोचाबांबात पाण्याआधी दर.

थकबाकीवर मात्र ताईंनी थोडं कडक व्हायला हवं, असं मला वाटतं. मालमत्ता कर थकला तर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, आणि मार्च जवळ आला की पालिका शास्तीमाफीची योजना काढतात. वेळेवर भरणारी पेन्शनवाली बाई मूर्ख ठरते आणि बाजारपेठेतला मोठा गाळेवाला माफीची वाट पाहतो. त्यात पंधराव्या वित्त आयोगाने अट घातली की मालमत्ता कराचा किमान दर ठरवा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या बरोबरीने वाढवा, नाहीतर अनुदान नाही. ही अट चंद्रपूरलाही होती आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडलाही. दोन्हीकडे कराचा पाया सारखा नाही, हे दिल्लीतल्या सूत्राला दिसलं नाही.

भामरागडवर येऊन दोघांचं पुन्हा जमत नाही. लेखापालांचं म्हणणं असं की पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने जिथे रस्ता तुटतो, तिथे एवढ्याशा वस्तीने पाण्याचा पुरा खर्च दरातून काढणं अशक्य आहे. जिल्ह्यातल्या सगळ्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचं पाण्याचं खातं एकत्र करावं, वडसा-गडचिरोलीच्या वसुलीतून भामरागड-कोरचीला हात मिळावा. ताईंना ते मान्य नाही. “वडसाच्या मजुराने कशाला भरायचं? तूट राज्याने भरावी. पण किती तूट, ती भामरागडच्या सभेत वाचून दाखवा, आणि माडियात वाचा.” लेखापालांचं उत्तर: “वाचू. पण वाचणाऱ्याचं मानधन कुठल्या खात्यात टाकायचं, तेही त्याच कागदावर लिहावं लागेल, ताई.”